नो-बॉल, नवी बॅट आणि गहुंजेची माती
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या अंकासाठी क्रिकेटचे प्रश्न मागवले होते. निम्मी पत्रं ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणून सुरू होतात. उरलेली दुरुस्तीची आहेत: बॅटला चीर गेली, मॅट सैल झाली, मुलगा रेषा ओलांडतो. दोन्ही प्रकार एकत्रच घेतले आहेत, कारण बऱ्याचदा आजोबांच्या तक्रारीतच नातवाच्या अडचणीचं उत्तर असतं.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा, मध्यमगती गोलंदाज. सामन्यात दर दोन षटकांमागे एक नो-बॉल ठरलेला, नेटमध्ये मात्र एकही नाही. त्याचे आजोबा म्हणतात, पूर्वी मागच्या पायावर नो-बॉल देत, तेव्हा ही कटकट नव्हती. तो नियम काय होता, आणि मुलाचं काय करावं? — एक पालक, सहकारनगर

उत्तर : आजोबांचं बरोबर आहे. १९६० च्या दशकापर्यंत मागचा पाय बोलिंग क्रीजच्या, म्हणजे स्टंपच्या रेषेच्या मागे पडला की चेंडू कायदेशीर ठरे. पुढचा पाय कुठे पडतो हे कुणी बघत नसे. उंच आणि जोरकस गोलंदाजांनी यातून वाट काढली. मागचा पाय रेषेमागे टेकवायचा आणि चवडा जमिनीवर घासत पुढे न्यायचा. चेंडू सुटेपर्यंत गडी पॉपिंग क्रीजच्या (स्टंपपुढच्या, फलंदाजाकडच्या रेषेच्या) चांगलाच पुढे आलेला असे. १९५८-५९ च्या ॲशेस मालिकेत ऑस्ट्रेलियाचा गॉर्डन रोर्क याच गोष्टीसाठी गाजला. खेळपट्टी कागदावर २०.१२ मीटरची, पण फलंदाजाच्या वाट्याला त्याहून कमी येत होती. म्हणून पुढच्या पायाचा नियम आला. त्यात फलंदाजाचंही एक नुकसान झालं. पंचाची हाक उशिरा येऊ लागली आणि ‘नो-बॉल’ ऐकून मोकळेपणाने फटका बदलायची सोय गेली. २००७ मध्ये एकदिवसीय क्रिकेटमध्ये फ्री हिट (नो-बॉलनंतरच्या चेंडूवर बाद होण्याची फारशी भीती नसलेली संधी) आली, तेव्हा ती व्याजासकट परत मिळाली.

आता मुलाकडे वळू. नेटमध्ये नो-बॉल पडत नाहीत असं नाही, तिथे ते कुणी मोजत नाही. आपल्याकडे एका नेटवर चार-पाच गोलंदाज रांगेत असतात, रेषा पुसलेली असते आणि मागचा घाई करत असतो. तीच सवय सामन्यात उघडी पडते. नियम असा : पाय पडताना त्याचा काही भाग, टेकलेला किंवा हवेतला, पॉपिंग क्रीजच्या मागे हवा. क्रीज म्हणजे चुन्याच्या पट्ट्याची स्टंपकडची कड. त्यामुळे टाच पांढऱ्या पट्ट्यावर पडली तरी नो-बॉलच.

रन-अप पुन्हा मोजा. मुलाला पॉपिंग क्रीजवर समोरच्या टोकाच्या स्टंपकडे पाठ करून, म्हणजे फलंदाजाच्या उलट्या दिशेला तोंड करून उभं करा. तिथून नेहमीच्या वेगाने मैदानाच्या कडेकडे धावत जाऊन चेंडू टाकायला सांगा. रेषा समोर नसल्याने पावलं नैसर्गिक पडतात. पुढचा पाय जिथे पडला तिथे चुन्याची खूण करा. असं सात-आठ वेळा केलं की बहुतेक खुणा एका हाताच्या अंतरात येतील. एखादी फार लांब असेल तर सोडून द्या. मधल्या खुणेपासून क्रीजपर्यंत टेपने मोजा. हे अंतर मुलाच्या वहीत मीटरमध्ये लिहिलेलं असू दे, ‘सतरा पावलं’ असं नको, कारण पावलं महिन्यागणिक वाढतात आणि या वयात पायही. शेवटी आणखी १५ सेंटिमीटर मागे खूण करा. ही राखलेली जागा जोर लावण्याच्या चेंडूसाठी असते, कारण यॉर्कर किंवा बाउन्सर टाकताना शेवटची ढांग आपोआप लांबते.

बिघडतं कुठे? सामन्यात पहिला नो-बॉल पडला की मुलं खाली रेषेकडे बघू लागतात. मान खाली गेली की खांदा पडतो आणि चेंडू पायांत जातो. दुसरी चूक म्हणजे शेवटचं पाऊल तोडून आखूड करणं. त्याने वेग जातो आणि कंबरेवर ताण येतो. नो-बॉल पडला तर खूण अर्धा फूट मागे घ्या, पावलांना हात लावू नका. वारा पाठीवर असेल तर तेवढंच मागे, समोरून असेल तर तेवढंच पुढे. नेटमध्ये रबरी बूट आणि सामन्यात स्पाइक्स असतील तर दोन्हींची मोजणी वेगळी करा.

प्रश्न : दिवाळीत चांगली महागाची इंग्लिश विलोची बॅट घेतली. मार्चमध्ये तळाला आणि कडेला चिरा. दुकानदार म्हणतो, तुम्ही नॉकिंग (नवी बॅट हातोडीने ठोकून तयार करणं) नीट केलं नाही. वडिलांची १९८० सालची बॅट अजून धड आहे. आता लाकूडच वाईट येतं का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : लाकूड वाईट नाही, बॅट वेगळी आहे. वडिलांच्या बॅटची कड बोटाएवढी असेल आणि फळी जास्त दाबलेली. आजची बॅट त्याच वजनात दुप्पट जाड दिसते, कारण विलो जास्त वाळवतात आणि कमी दाबतात. त्यामुळे चेंडू उडतो, पण फळी मऊ आणि कोरडी राहते. हा प्रकार इतका पुढे गेला की २०१७ च्या ऑक्टोबरपासून कायद्याला जाडीची मर्यादा घालावी लागली : कड जास्तीत जास्त ४० मिलिमीटर, एकूण जाडी ६७ मिलिमीटर. रुंदीची १०.८ सेंटिमीटरची मर्यादा त्याहून फार जुनी. १७७१ मध्ये एक इंग्रज फलंदाज यष्ट्यांच्या रुंदीची बॅट घेऊन उतरला, त्यानंतरची. थोडक्यात, षटकार लांब जातो त्याची किंमत तुमच्या बॅटने आयुष्यात चुकवली.

पुण्यात त्यात हवेची भर पडते. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत इथली हवा कोरडी होत जाते आणि लाकूड ओलावा सोडतं. तेल आणि ठोकणं ही दोन्ही कामं म्हणूनच टाळता येत नाहीत. दुकानात ‘रेडी टू प्ले’ लिहिलेलं असलं तरी दोन तास ठोकाच.

तेल कच्चं जवसाचं घ्या, उकळलेलं नको. एक चहाचा चमचा भरून पुरे. मऊ कापडाने पुढची बाजू, दोन्ही कडा, तळ आणि पाठीचं उघडं लाकूड पुसून घ्या. मूठ जिथे फळीत बसते त्या व्ही आकाराच्या सांध्याला आणि स्टिकरला तेल लावायचं नाही. सांध्यात तेल गेलं की गोंद सुटतो आणि मूठ हलायला लागते. बॅट आडवी ठेवा, तोंड वर. उभी ठेवली तर तेल तळात उतरतं, तळ जड आणि मऊ होतो. एक दिवसाने दुसरा, आणखी पातळ हात. तिसरा नको, कारण तेल पिऊन फुगलेली बॅट मेल्यासारखी वाजते. पुढच्या बाजूला पारदर्शक पट्टी चिकटवलेली असेल तर तिथे तेल मुरणार नाही, फक्त उघड्या लाकडाला लावा.

मग लाकडी हातोडी. एकूण चार ते सहा तास, रोज पंधरा-वीस मिनिटं. पहिला तास अगदी हलक्या हाताने, पुढे जोर वाढवत. जिथे चेंडू बसतो तो मधला भाग सोपा असतो, सगळी मेहनत कडांवर लागते. कडेवर सरळ घाव घालायचा नाही. हातोडी साधारण ४५ अंशात तिरकी धरून कड गोल करत आणायची. तळाच्या टोकावर थेट मारलं तर बॅट तिथेच फुटते. झालं की जुन्या लेदर बॉलवर झेल दिल्यासारखे हलके फटके खेळून बघा. शिवणीचा ठसा खोल उमटला तर आणखी एक तास ठोका. त्यानंतर दोन-तीन नेट फक्त जुन्या चेंडूवर, फिरकीसमोर.

चिरांचं म्हणाल तर पुढच्या बाजूच्या केसाएवढ्या चिरा हा आजार नव्हे. विलो वापरात फुटतेच. कडेची चीर असेल तर पातळ सुपर ग्लू आत उतरवा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारा आणि वरून फायबर टेप. तळाची चीर एक इंचापेक्षा वर चढली असेल तर घरी प्रयोग नको, बॅट दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. पावसाळी टेनिस बॉलच्या स्पर्धेला ही बॅट अजिबात नेऊ नका, ओला तळ फुगतो. आणि एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत ठेवणं म्हणजे ती भट्टीत ठेवणं.

प्रश्न : नव्वदच्या दशकात पाकिस्तानचे वकार, वसीम शेवटच्या दहा षटकांत यॉर्कर आत वळवत. आता एकदिवसीय सामन्यात रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू नेहमीच्या उलट वळणं) दिसतच नाही. गोलंदाज विसरले का? — एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : गोलंदाज विसरले नाहीत, त्यांच्या हातातला चेंडूच म्हातारा होत नव्हता. २०११ च्या ऑक्टोबरपासून एकदिवसीय डावात दोन नवे चेंडू आले, दोन्ही टोकांनी एकेक. पन्नासावं षटक संपलं तरी प्रत्येक चेंडू पंचवीस षटकांचाच. रिव्हर्सला एक बाजू चांगली खरबरीत आणि कोरडी लागते, दुसरी जपलेली. पंचवीस षटकांत ती खरबरीत बाजू तयार होत नाही. शिवाय पांढऱ्या चेंडूवर रंगाचा आणि चकाकीचा थर असतो. लाल चेंडूसारखा तो मुरत नाही, आधी टिकतो आणि मग निघतो. पहिली काही षटकं स्विंग, पुढे काहीच नाही, असं त्यामुळेच होतं.

यावरची ओरड इतकी वाढली की जुलै २०२५ पासून आयसीसीने निम्मा मार्ग काढला. पहिली ३४ षटकं दोन चेंडू, मग क्षेत्ररक्षण करणारा संघ त्यातला एक निवडतो आणि उरलेली सोळा षटकं तोच. म्हणजे डाव संपताना चेंडू ३३ षटकांचा असतो. थोडं बरं झालं. वकारच्या हातात होता तसा चेंडू मात्र यातून मिळत नाही.

थुंकीचाही भाग आहे. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, लाळ लावायला बंदी आली आणि २०२२ मध्ये ती कायमची झाली. आयपीएलने २०२५ मध्ये आपल्यापुरती ती उठवली. घाम चालतो, पण घाम लाळेपेक्षा पातळ. चेंडूची एक बाजू जड करायला लाळ जास्त कामाची, असं गोलंदाज सांगतात.

आपल्या क्लबच्या सामन्यांसाठी काही गोष्टी. लाल चेंडूची चमक सांभाळायचं काम एकाच खेळाडूला द्या, ज्याचे तळवे कोरडे राहतात त्याला. मिड-ऑफला उभा राहणारा सोयीचा. बाकी सगळ्यांनी चेंडू शिवणीवर धरून फेकायचा. फेब्रुवारी ते मे आपली मैदानं टणक आणि आउटफील्ड विरळ असतं, तेव्हा थ्रो एक टप्प्यावर घेतला की खरबरीत बाजू लवकर होते. मुद्दाम चार-पाच टप्पे आपटलेत तर पंच टोकतील. नव्या चेंडूचा स्विंग चमकदार बाजूपासून लांब जातो, रिव्हर्स चमकदार बाजूकडे येतो. एवढं लक्षात ठेवलं तर चेंडू धरताना गोंधळ होणार नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. रिव्हर्सला वेग लागतो, साधारण ताशी १३५ किलोमीटरच्या आसपास. रविवार सकाळच्या सामन्यात ताशी १०५ ने टाकणारा गडी ‘रिव्हर्स होतोय’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा चेंडू आकारातून गेलेला असतो.

प्रश्न : गहुंजेच्या मैदानावर कधी तीन दिवसांत कसोटी संपते, कधी सहाशे धावा होतात. एकाच मैदानाची माती इतकी कशी बदलते? — एक वाचक, निगडी

उत्तर : माती ठरावीकच असते. तिला पाणी किती दिलं, कधी तोडलं आणि वर गवत किती ठेवलं, यावर ती वागते.

आधी आकडे. फेब्रुवारी २०१७, गहुंजेची पहिली कसोटी : भारत १०५ आणि १०७, ऑस्ट्रेलिया ३३३ धावांनी विजयी. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले, आणि आयसीसीने खेळपट्टीला ‘खराब’ शेरा दिला. ऑक्टोबर २०१९ : भारत ५ बाद ६०१ डाव घोषित, विराट कोहली नाबाद २५४, दक्षिण आफ्रिकेवर एक डाव आणि १३७ धावांनी विजय. ऑक्टोबर २०२४ : न्यूझीलंड ११३ धावांनी विजयी, मिचेल सँटनरचे सामन्यात १३ बळी. त्या पराभवाने भारताची मायदेशातली सलग अठरा मालिका विजयांची रांग तुटली. आपल्या वॉशिंग्टन सुंदरने त्याच सामन्याच्या पहिल्या डावात ५९ धावांत ७ घेतले होते, हे निकालामुळे मागे पडलं.

खेळपट्टीला मुख्यतः दोन माती वापरतात. काळी चिकण माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. अशा खेळपट्टीवर चेंडू खाली राहतो, हळू येतो आणि वळतो. लाल मातीत उसळी जास्त, पण तिचा वरचा थर सुटला की भुगा होतो आणि वळण झपकन येतं.

सामन्याआधी ग्राउंड्समन काही दिवस पाणी देऊन रोलर फिरवतो. माती ओलसर असताना जड रोलर कणांना एकत्र दाबतो आणि आतवर घट्टपणा येतो. पाणी लवकर तोडलं, गवत खरवडून काढलं आणि मग कोरड्या मातीवर रोलर फिरवला, तर वरचा पापुद्रा दाबला न जाता सुटतो. पहिल्या दिवशी चेंडू पडताना धूळ उडाली की समजावं, पाणी लवकर तोडलंय. फेब्रुवारीची पुण्याची कोरडी हवा आणि दुपारचं ऊन हे काम आणखी वेगाने करतात. गवताची मुळं मातीला आतून शिवून ठेवतात. थोडं गवत ठेवलं की खेळपट्टी पाच दिवस एकसंध राहते, वेगवान गोलंदाजाला उसळी मिळते आणि फलंदाजालाही चेंडूवर विश्वास ठेवता येतो.

यात घरच्या संघाचा एक अंदाज नेहमी फसतो. पहिल्या दिवसापासून वळणारी खेळपट्टी म्हणजे आपला फायदा, असं धरून चालतात. पण अशा खेळपट्टीवर श्रेष्ठ आणि बरा फिरकी गोलंदाज यांच्यातलं अंतर मिटतं. जो सरळ आणि एका जागी टाकतो, त्याचा न वळलेला चेंडूच बळी घेतो. ओकीफने नेमकं हेच केलं.

प्रश्न : आमच्या क्लबने मुरमावर काथ्याची मॅट टाकली. एका जागी चेंडू गुडघ्याखाली, दुसऱ्या जागी छातीवर. मॅट बदलावी का? — एक क्लब, हडपसर

उत्तर : मॅट बदलू नका. दहातल्या नऊ वेळा दोष खालच्या थराचा किंवा ताणाचा असतो.

मॅट काढा आणि ६६ फूट बाय ८ फुटांच्या पट्ट्यावर दोन्ही टोकांना खुंट्या मारून सुतळी ताणा. सुतळीखाली जिथे बोट जातं तिथे खड्डा, जिथे सुतळी टेकते तिथे उंचवटा. गुड लेंग्थवर, फलंदाजाच्या स्टंपपासून पाच ते सात मीटरवर, खड्डा हमखास मिळेल, कारण तिथेच सगळे चेंडू पडतात. खड्ड्यात नुसता मुरूम टाकून चोपला तर तो चार दिवसांत निघतो. आधी ती जागा दोन-तीन इंच खरवडा, पाणी मारा, मग बारीक चाळलेला मुरूम आणि काळी माती मिसळून भरा. मुरूम तीन घमेली असेल तर माती एक. नुसत्या मुरमाला पकड नसते, आणि माती जास्त झाली तर उन्हात भेगा पडून मॅटखाली खाचा होतात. संध्याकाळी पाणी, सकाळी ओल हाताला लागेल पण चिकटणार नाही अशा वेळी रोलर, आडवा आणि उभा. असं चार-पाच दिवस.

टाकताना एक टोक आधी पूर्ण ठोका. मग दुसऱ्या टोकाकडून चौघांनी ओढून ताण द्या आणि खिळे समोरासमोर मारत या : डावीकडे एक, उजवीकडे एक. एकाच बाजूने मारत गेलात तर दुसऱ्या बाजूला लाट उरते आणि छातीवर येणारा चेंडू त्या लाटेवरचाच. खिळे नऊ-दहा इंचांचे हवेत, डोकी मॅटच्या खाली दबलेली. वर आलेल्या खिळ्याने पंचाचं काही बिघडत नाही, यष्टिरक्षकाचं बिघडतं. दर डावानंतर ताण तपासा, काथ्या उन्हात सैल पडतो.

काथ्याच्या मॅटवर उसळी आणि वळण तागाच्या मॅटपेक्षा जास्त मिळतं. पूर्वीच्या जिमखान्यांत मॅटवर वाढलेले फलंदाज मागच्या पायावर पक्के असत, याचं कारण हेच. लोखंडी स्पाइक्स चालवू नका. पावसाळ्यात मॅट पूर्ण वाळवून गुंडाळा आणि जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. ओली गुंडाळली तर गणपतीपर्यंत कुजते.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची, अकादमीत मुलांबरोबर खेळते. दादाचं हेल्मेट बसतं, तेच चालेल ना? चेंडू कोणता वापरावा? — एक आई, बाणेर

उत्तर : बसतं म्हणून चालेलच असं नाही, आणि इथे कुचराई नको. पुरुषांचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, महिलांचा १४० ते १५१, तेरा वर्षांखालचा १३३ ते १४४. वजनाबरोबर आकारही उतरतो. मोठ्या चेंडूसाठी तपासलेल्या हेल्मेटच्या जाळीतून किंवा टोपी आणि जाळीमधल्या फटीतून लहान चेंडू आत शिरू शकतो. म्हणून आतल्या लेबलवर बीएस ७९२८:२०१३ हे मानक बघा आणि ते लहान चेंडूसाठीही तपासलेलं आहे का ते वाचा. काही हेल्मेटं दोन्हींसाठी तपासलेली असतात, तीच घ्या.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावं. पट्टा न लावता मान हलवली तरी ते फिरू नये. फट कमी-जास्त करता येते म्हणून मुलं नीट दिसावं यासाठी जाळी खाली ओढतात, ती दुकानातून निघते तशीच ठेवा. एकदा जोरात चेंडू लागला की वरून काही दिसलं नाही तरी ते बाद. मानेमागचा गार्ड वेगळा मिळतो, तो लावा. २०१४ मध्ये फिलिप ह्यूजला मानेवर चेंडू लागला तेव्हापासून तो सगळीकडे आला. आणि डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी पुन्हा बॅट हातात नको. आंतरराष्ट्रीय क्रिकेटनेही २०१९ पासून अशा खेळाडूऐवजी बदली द्यायला परवानगी दिली आहे.

थोडक्यात

‘अंपायर्स कॉल’ (रिव्ह्यूत मैदानावरच्या पंचाचाच निर्णय कायम ठेवणं) हा पोरखेळ नाही का? चेंडू लागतोय तर बाद द्या. (एक वाचक, एरंडवणे) पडद्यावर दिसतो तो चेंडू पॅडला लागल्यानंतरचा काढलेला अंदाज असतो, चित्रण नव्हे. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागताना दिसला तर तो अंदाज मैदानावरच्या पंचाला खोटं ठरवण्याइतका पक्का धरत नाहीत. अशा वेळी संघाचा रिव्ह्यू वाया जात नाही, ही बाजू टीव्हीसमोर विसरली जाते. पायचीतबाबत एक जुनं कलम मात्र अजून ठाम आहे : लेग-स्टंपच्या बाहेर टप्पा पडला की नाबाद. ऑफच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर बाद देणं १९३५ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालं.

केनियाने वेस्ट इंडीजला हरवलं ते पुण्यातच ना? (एक वाचक, स्वारगेट) हो, नेहरू स्टेडियमवर, २९ फेब्रुवारी १९९६, विश्वचषकात. केनिया सर्वबाद १६६, वेस्ट इंडीज सर्वबाद ९३.

भाऊसाहेब निंबाळकरांनी ब्रॅडमनचा विक्रम का मोडला नाही? (एक वाचक, कॅम्प) प्रतिस्पर्ध्यांनी मोडू दिला नाही म्हणून. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र ४ बाद ८२६ आणि निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचे नाबाद ४५२ नऊ धावांवर होते. काठियावाडने विश्रांतीनंतर मैदानात यायला नकार दिला आणि सामना सोडला. प्रथम श्रेणीत भारतीयाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे. निंबाळकर अधिकृत कसोटी कधीच खेळले नाहीत.

महाराष्ट्राने रणजी कधी जिंकली? (एक विद्यार्थी, नारायण पेठ) १९३९-४० आणि १९४०-४१, दोन्ही वेळा दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. २०१३-१४ मध्ये संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि कर्नाटककडून हरला.

सोसायटीच्या स्पर्धेत गोलंदाजाने चेंडू टाकण्याआधीच पुढे निघालेल्या नॉन-स्ट्रायकरला (गोलंदाजाच्या टोकाच्या फलंदाजाला) धावचीत केलं, भांडण झालं. आधी ताकीद द्यावी लागते ना? (आयोजक, वारजे) लागत नाही. विनू मांकड यांनी १९४७ मध्ये सिडनीला बिल ब्राउनला असं बाद केलं तेव्हापासून हा वाद सुरू आहे, पण ताकीद ही कायद्याची अट नाही. २०२२ मध्ये हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून सरळ धावचीतच्या कलमात टाकला. मुदत मात्र आहे : गोलंदाजाचा हात चेंडू सोडण्याच्या नेहमीच्या जागी पोचेपर्यंतच. पूर्ण हात फिरवून, चेंडू न सोडता, मागे वळून बेल्स पाडल्या तर नाबाद. तुमच्या स्पर्धेत एक ताकीद हवी असेल तर ती नियमपत्रकात पहिल्या सामन्याआधी लिहा आणि दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्या.